पोरांना घेऊन दोन रात्रींचा ट्रेक, आणि त्याआधीची सगळी उठाठेव

मुलं झाल्यावर आमचं ट्रेकिंग बंद झालं. कुणी ठरवून बंद केलं नव्हतं, या वर्षी धाकटा फार लहान आहे, पुढच्या वर्षी मोठीचं काहीतरी, मग कुणाचं तरी आजारपण, असं करत करत सॅक माळ्यावर गेल्या त्या गेल्याच. आता मोठी दहाची आणि धाकट्याला सहा पूर्ण झाली, दोघं स्वतःच्या पायांनी चालतात, हाताने खातात आणि अजून तरी आईबापाबरोबर कुठेही यायला तयार असतात, हे शेवटचं फार काळ टिकणार नाही हे दिसतंच आहे. म्हणून म्हटलं आता जाऊयाच. दोन रात्री, तंबू, स्टोव्ह, सगळं पाठीवर. ठरवताना तरी फार काही वाटलं नव्हतं.

पहिल्याच रात्री पोरं झोपल्यावर नवऱ्याने मोबाईलवर नकाशा उघडला आणि अर्ध्या तासात एक गोल मार्ग काढून दाखवला, रोज चौदा किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ. "अगं, एवढं तर आपण जेवायच्या आधी संपवायचो." संपवायचो खरं. हिशोबही करून दाखवला त्याने. नेस्मिथचा नियम म्हणून एक जुना आडाखा आहे, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला, सपाटीला ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे चौदा किलोमीटरला पावणेतीन तास, चढाचा दीड, धरा साडेचार. गणित बरोबरच आहे, फक्त त्यात एक धडधाकट मोठा माणूस गृहीत धरलाय जो मधे थांबत नाही, मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते बघायला बसत नाही आणि ज्याच्या बुटात दर वीस मिनिटांनी खडा जात नाही.

मग नकाशा बाजूला ठेवला आणि आधी पोरांना घेऊन नुसत्या दिवसभराच्या फेऱ्या मारल्या, कुठे चार किलोमीटर कुठे सहा. मोठी माणसं एकटी असताना जो वेग असतो त्याच्या निम्म्यानेही आम्ही गेलो नाही. पाच किलोमीटरला खाणं-पिणं धरून चार तास सहज. आणि मजा म्हणजे पोरं दमली म्हणून नाही हां. दमली असती तर समजू शकलो असतो. एका ओढ्यापाशी धाकटा जो बसला तो पाऊण तास हलला नाही, आधी दगड टाकले, मग दगडांचा बांध घातला, मग बांधाला भोक पाडून पाणी कसं सुटतं ते बघितलं, मग ताईला बोलावून तोच बांध परत घातला. मी दोनदा "चला" म्हटलं तर मान वर करून म्हणतो, "आई, पण आपण आलोय ना इथे?" त्याच्या लेखी आलो होतो. पुढे काहीतरी बघायला जायचंय आणि हे मधलं फक्त वाटेवरचं आहे, असं आम्हा मोठ्यांना वाटत होतं.

तिथून बेत आखायची पद्धतच उलटी केली. आधी रस्ता ठरवून मग रात्र जिथे पडेल तिथे मुक्काम, हे आमचं पूर्वीचं. आता आधी मुक्कामाची जागा शोधायची, जिथे पोरांना तासन्‌तास करायला काहीतरी आहे, आणि मग तिथे दुपारी दोनच्या आत पोचता येईल असा रस्ता. दोन का, तर तंबू लावायला, पाणी आणायला, कपडे बदलायला, पहिलं खाणं करायला दोन तास जातात, वाटेत गोंधळ झाला तर अजून दोन तास हाताशी राहतात, आणि हे सगळं होऊनही उजेडात खेळायला वेळ उरतो. पोरांची ट्रिप सुरूच तिथे होते. संध्याकाळी सहाला चिडचिडी पोरं घेऊन अंधारात खुंट्या ठोकत बसायचं असेल तर घरी राहिलेलं बरं, स्पष्ट सांगते.

दोनला पोचायचं म्हणजे नऊला निघायचं (आठला म्हणायचं, नऊ होतातच), म्हणजे पाच तास, म्हणजे आमच्या वेगाने पाचेक किलोमीटर आणि चढ तीनशे मीटरच्या आत. नकाशावर इतका लहान तुकडा दिसतो तो की नवऱ्याने बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला गेला. मग मी अजून एक गोष्ट सुचवली ती म्हणजे दोन्ही रात्री एकाच जागी राहायचं. मधल्या दिवशी तंबू तसाच ठेवून हलक्या पिशव्या घेऊन आसपास फिरायचं, हवं तर त्याने पहाटे उठून एकट्याने एखादं शिखर मारून यावं. याने काय होतं की पाठीवर ओझं फक्त जाताना आणि येताना, तंबू एकदाच लावायचा एकदाच काढायचा, आणि मधल्या दिवशी कुणाचा मूड नसेल, पाऊस असेल, पोट बिघडलं असेल तर काही अडत नाही. त्याला "एकाच जागी" हे जरा पचायला जड गेलं. पण एकट्याने शिखर हे ऐकल्यावर गडी तयार झाला.

जागेसाठी बाकीच्या अटी साध्या होत्या पण त्यावर आम्ही अडून राहिलो. पाणी जवळ, पण तंबू पाण्यापासून साठेक मीटर लांब लावता येईल इतकी सपाटी. जवळपास कडा नको, कारण रात्री सू करायला उठलेलं अर्धवट झोपेतलं पोर कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही. उंची २५०० मीटरच्या बरीच खाली, त्याच्यावर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि लहान पोराला डोकं दुखतंय का नुसतं किरकिरतंय हे ओळखायला मला जमेल याची खात्री नाही. मुक्कामाला परवानगी लागते का, स्टोव्ह पेटवायला बंदी आहे का, हे आधीच विचारून घेतलं. आणि शेवटची अट, कुठूनही दोन-अडीच तासांत गाडीपर्यंत परत येता आलं पाहिजे, अगदी धाकट्याला पाठुंगळी घेऊनसुद्धा. ही अट लावल्यावर निम्म्या जागा आपोआप कटल्या.

मग माळा उघडला.

सामान आहेच की आपल्याकडे, हे वाक्य आम्ही दोघं आळीपाळीने महिनाभर म्हणत होतो. तंबूची पिशवी हॉलमध्ये उघडली आणि असा आंबूस भपकारा आला की मोठी नाक दाबून म्हणाली, "आई, यात कुणी ओकलंय का?" खरंच तसाच वास. कापड हाताला चिकटत होतं, आतल्या बाजूचा थर खवल्यासारखा सुटत होता आणि शिवणीवरची टेप बोटाने ओढली की पट्टीच्या पट्टी हातात. तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो पाणी अडवायला, आणि हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं त्याचं विघटन होत राहतं, तंबू वापरा नाहीतर नुसता ठेवा. घडी घालून बंद पिशवीत ठेवला आणि त्यात थोडी ओल राहिली असली तर मग विचारूच नका. हा वास काही धुऊन जात नाही आणि तो थरही परत चांगला होत नाही. काठ्यांच्या आतला इलॅस्टिक दोराही असा मेलेला की काठ्या जोडल्या की परत सुट्ट्या. दोरा बदलता येतो, तो बदलला, काठ्या कापड वाळत घालायला तरी येतील.

बुटांची तीच तऱ्हा. माझे बूट वरून अगदी नव्यासारखे, चामड्याला चरासुद्धा नाही, घालून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या आणि डावा तळवा टाचेकडून उघडला. मधला जो मऊ थर असतो तोही बऱ्याचदा पॉलियुरेथेनचाच, आतून भुगा झालेला. वापरातल्या बुटांपेक्षा खोक्यात जपून ठेवलेल्या बुटांचं हे जास्त होतं म्हणे, म्हणजे जपल्याची ही शिक्षा. ज्यांचे बूट बरीच वर्षं पडून आहेत त्यांनी एकच करावं, निघायच्या महिनाभर आधी घालून चांगले दहा-बारा किलोमीटर चालून यावं आणि तळवा हाताने पिळून, वाकवून बघावा. डोंगरात तळवा सुटला तर दोरीने बांधून उतरावं लागतं, आणि सोबत पोरं असली तर ती त्याचं वर्णन पुढची दहा वर्षं करतात.

हेडटॉर्चमध्ये सेल तसेच राहिले होते. झाकण उघडलं तर पांढरी बुरशी आल्यासारखं सगळं. अल्कलाईन सेल गळले की तो क्षार बाहेर येऊन सुकतो, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसलं, एक टॉर्च जिवंत झाली एक नाही. पाण्याचा जुना फिल्टर सरळ टाकून दिला. त्यात पोकळ धाग्यांची जी गुंडाळी असते ती एकदा ओली होऊन गोठली की चिरते आणि बाहेरून काही कळत नाही, आणि हा फिल्टर शेवटच्या थंडीतल्या ट्रेकला रात्रभर तंबूबाहेर होता हे नवऱ्याला लख्ख आठवत होतं. प्रथमोपचाराच्या डब्यातलं झाडून सगळं एक्स्पायर. स्टोव्ह मात्र फर्स्टक्लास निघाला, रबरी रिंग बदलली, साबणाचं पाणी लावून गळती बघितली, पेटला. साध्या गोष्टी टिकतात.

स्लीपिंग बॅग मी इतकी वर्षं करकचून दाबून ठेवल्या नव्हत्या, मोठ्या सुती खोळीत सैल ठेवल्या होत्या, त्यामुळे पिसं अजून फुगतात. प्रश्न पोरांचा होता. पिशवीवर जे तापमान लिहिलेलं असतं, कम्फर्ट आणि लिमिट, ते आता आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे मोजतात, तापवलेला पुतळा आत झोपवून, आणि ते मानक मोठ्यांच्या पिशव्यांचं आहे. लहान मुलांच्या पिशवीवर "शून्य अंश" लिहिलं असेल तर ते शून्य कुणासाठी आणि कसं काढलं याला काही धरबंध नाही. लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे उष्णता भराभर जाते. आम्ही असं केलं की अंदाज जेवढा होता त्याच्यापेक्षा बऱ्याच थंडीची पिशवी घेतली, धाकट्याला मोठ्या माणसाची पिशवी दिली आणि पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घातला, नाहीतर ती पोकळी तापवण्यातच त्याची रात्र जाते. अंगाखालच्या मॅटवर मात्र कंजूषपणा केला नाही. पाठीखालची पिसं वजनाने दबलेली असतात, तिथे ऊब धरते ती मॅटच. मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्याच्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात, आणि दोन मॅटच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते ही एक सोयीची गोष्ट, म्हणून फुगवायच्या मॅटखाली साधी फोमची घातली, काटा लागला तरी एक शिल्लक.

नवीन काय घेतलं तर तंबू आणि माझे बूट. पोरांचं जवळजवळ सगळं मागून आणलं. ओळखीत कुणाची ना कुणाची पोरं जरा मोठी असतातच आणि त्यांचे रेनकोट, बूट, छोट्या सॅक कपाटात पडून असतात. वर्षात पाय दोन नंबर वाढतो, कुठे नवीन घेत बसायचं. फक्त मागून आणलेले बूट आठ-दहा दिवस रोज घालायला लावले, पायाला चावतात का ते कळायला.

वजनाचं सांगते. पोरांनी किती उचलायचं यावर घरात बरीच वादावादी झाली. साधारण धोरण असं की मुलाच्या वजनाच्या दहा टक्के, फार तर पंधरा. मोठी तीस किलोची, तिला तीन किलो, म्हणजे तिची स्लीपिंग बॅग, पाणी, जॅकेट, एक पुस्तक. धाकटा वीसचा, त्याला हिशोबाने दोन किलो येतं पण आम्ही बाटली, जॅकेट, शिट्टी आणि त्याचा कापडी हत्ती एवढंच दिलं. आणि एक गोष्ट पक्की केली, की त्याची सॅक अशी भरायची की तो कंटाळला तर ती तशीच्या तशी माझ्या सॅकच्या वर बांधता येईल. म्हणजे माझ्या सॅकमध्ये तेवढी जागा आणि माझ्या गुडघ्यात तेवढी ताकद आधीच राखून ठेवायची. उरलेलं सगळं आमच्या दोघांवर. चौघांचं अन्न, तंबू, भांडी, इंधन, पोरांचे कपडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून लिहीत गेलो तर नवऱ्याचं अठराला गेलं आणि माझं पंधराला. पूर्वी आम्ही हेच वजन उचलून पळायचो. आता आरशात बघितलं.

म्हणून तयारी आमचीच जास्त झाली, पोरांची नाही. जिना हा सगळ्यात स्वस्त डोंगर आहे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं, पहिल्या आठवड्यात पाच लिटर, मग आठ, मग बारा, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोबाला सोपं. आणि पाण्याचा फायदा असा की वर पोचून ओतून टाकता येतं (झाडांना, मोरीत नाही), उतरताना रिकाम्या सॅकने गुडघे वाचतात. शेजारच्यांनी सुरुवातीला विचारलं मग सोडून दिलं.

पोरांना यात कसं घ्यायचं हा वेगळाच विषय. आधी मी सगळं स्वतःच करत होते आणि ती दोघं "कधी जायचं, कधी जायचं" करून डोकं खात होती. मग कामं वाटली. मोठीला नकाशा दिला, प्रिंट काढून, कागदावर. समोच्च रेषा म्हणजे काय, जवळजवळ असल्या की चढ उभा, लांब असल्या की सपाट, हे तिला एका संध्याकाळी समजलं आणि दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला सांगितलं की आपल्या मुक्कामाच्या अलीकडे जो शेवटचा चढ आहे तो सगळ्यात वाईट आहे आणि त्याच्या आधीच खाऊ काढायचा. बरोबर होतं! तो खाऊ तिथेच काढायचा असं तिच्याच अक्षरात नकाशावर लिहिलं गेलं. धाकट्याकडे चार वस्तूंची जबाबदारी, खुंट्यांची पिशवी, त्याची टॉर्च, शिट्टी आणि शी-खोरं.

शी-खोऱ्याबद्दल सांगायलाच हवं कारण सगळ्या तयारीत पोरांना एवढा रस दुसऱ्या कशातच नव्हता. पाण्यापासून, वाटेपासून, तंबूपासून साठेक मीटर लांब जायचं, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, काम झालं की मातीने बुजवायचा, कागद पिशवीत घालून परत आणायचा. साठ मीटर म्हणजे किती हे त्याला पावलात मोजायला लावलं, त्याची शंभरावर पावलं होतात. खोऱ्याच्या पात्यावर मार्करने रेघ मारली वीस सेंटिमीटरची. मैदानात जाऊन खड्डा खणायचा सराव केला, नुसता खड्डा, बाकी काही नाही. आणि नियम ठरला की शी लागली की लगेच सांगायचं, दाबून ठेवायची नाही, कारण बाहेर गेल्यावर पोरं लाजतात, दाबतात, मग दुसऱ्या दिवशी पोट दुखतं आणि ट्रिप तिथेच संपते. माझ्या मते बुटांपेक्षाही हे महत्त्वाचं आहे पण सामानाच्या याद्यांमध्ये कुणी लिहीत नाही.

हरवलं तर काय, हे शिकवताना घाबरवायचं नव्हतं. १९८१ मध्ये अमेरिकेत एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरातल्या जंगलात वाट चुकून चालत राहिला आणि वाचला नाही, त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या लोकांनी मुलांसाठी "झाडाला मिठी मार" नावाचा कार्यक्रम सुरू केला. गोष्ट पोरांना सांगितली नाही, कृती सांगितली. आईबाबा दिसत नाहीत असं वाटलं की जिथे आहेस तिथेच एका झाडापाशी थांबायचं, चालायचं नाही, जॅकेट घालायचं, तीन शिट्ट्या मारायच्या, थांबायचं, परत तीन. आम्ही शोधत येणार, तू शोधायचं नाहीस. बागेत लपून सराव केला. धाकट्याला तीन शिट्ट्या इतक्या आवडल्या की दोन दिवस घरात शिट्टी जप्त ठेवावी लागली.

खाण्यात एकच तत्त्व, जे घरी आवडीने खातात तेच. डोंगरात जाऊन नवीन पदार्थ खायला लावणं हा मोठ्यांचा हौशीपणा आहे. दहा मिनिटांत शिजणारं, एका भांड्यात होणारं असं निवडलं आणि ते घरी गॅसवर नाही तर त्याच छोट्या स्टोव्हवर करून बघितलं, खिडक्या उघड्या ठेवून. त्यात दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे आमचं जुनं भांडं चौघांना पुरत नाही, आणि दुसरं म्हणजे झाकण न ठेवता पाणी उकळायला किती उगाच इंधन जातं. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही हे दोघांनी आपापसात परत एकदा बोलून घेतलं, पाऊस असला तरी नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. मग पावसात काय? तर एक दिवस न शिजवता खाता येईल एवढं कोरडं खाणं वेगळं बांधलं. पाण्यासाठी नवा फिल्टर, आणि तो बंद पडला तर उकळायचं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन.

झोपेची तालीम हॉलमध्ये घेतली, फर्निचर सरकवून. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग, दिवे बंद. साडेबाराला धाकटा उठून स्वतःच्या पलंगावर गेला. काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी परत लावला, यावेळी त्याने कापडी हत्ती घेतला आणि तंबूत टॉर्च कुठे टांगायची ते स्वतः ठरवलं, सकाळपर्यंत झोपला. मोठी पहिल्यापासून घोरत होती. झोपलो नाही ते आम्ही दोघं, चौघांच्या तंबूत चौघं मावतात हे फक्त पिशवीवर लिहायला ठीक आहे.

हवामानाचं आम्ही आधीच कागदावर लिहून ठेवलं, निघायच्या आदल्या दिवशी कुठल्या अंदाजाला जायचं नाही ते. विजांचा अंदाज असेल तर रद्द, यावर चर्चा नाही. मुक्कामाची जागा गावापेक्षा हजार मीटर उंच असेल तर तिथे साधारण साडेसहा अंश कमी धरायचे, आणि रात्रीचं ते तापमान पोरांच्या पिशव्यांना झेपणार नसेल तरी रद्द. नुसता पाऊस असेल तर चालेल. हे आधी लिहायचं कारण असं की आदल्या रात्री सगळं पॅक झालेलं असतं, पोरं उड्या मारत असतात, सुट्टी टाकलेली असते, आणि तेव्हा माणूस अंदाज स्वतःच्या सोयीने वाचायला लागतो. पोरांनाही प्लॅन बी सांगून ठेवला होता, रद्द झालं तर हॉलमधला तंबू आणि पिक्चर. आणि तसंच झालं, पहिल्या तारखेला विजा होत्या. धाकटा रडला, अर्धा तास. मग दोघांनी तंबूत बसून पिक्चर बघितला. दोन आठवड्यांनी गेलो.

बहिणीकडे एक कागद दिला, कुठून चढणार, तंबू कुठे, गाडी कुठे लावलीय, तिचा नंबर, रविवारी किती वाजता खाली उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. ही शेवटची वेळ ठरवताना चांगले चार तास मोकळे ठेवले, नाहीतर पोरं ओढ्यात खेळत बसायची आणि इकडे शोधपथक निघायचं.

ट्रेक कसा झाला ते थोडक्यात. पोचायला दोन नाही, अडीच वाजले. शेवटच्या चढाच्या आधी खाऊ निघाला, ठरल्याप्रमाणे, आणि धाकट्याची सॅक चढाच्या मध्यावर माझ्या सॅकवर आली, तीही ठरल्याप्रमाणेच म्हणायची. पहिल्या रात्री वारा फार होता आणि तंबूच्या आवाजाने मोठी जागी राहिली, मी तिच्याशी गप्पा मारत बसले. हे कुठल्या तालमीत आलं नव्हतं, हॉलमध्ये वारा नसतो. मधल्या दिवशी नवरा पहाटे शिखर करून साडेनऊला परत आला तेव्हा आम्ही तिघं अजून पांघरुणातच होतो. उरलेला दिवस ओढ्यापाशी गेला. सगळा दिवस, शब्दशः.

परत आल्यावर सॅक उपसताना यादी समोर ठेवली आणि न वापरलेल्यावर काट मारली. पत्ते, दोन्ही खेळ, मोठीचं पुस्तक, पोरांचे कपड्यांचे दोन जादा जोड, सगळं गेलं. मोजे वाढवले, मोजे कितीही नेले तरी कमीच पडतात. पाच मीटर दोरी मी वाळत घालायला नेली होती ती पोरांनी दोन दिवस सोडली नाही, ती आता दहा मीटर. वाऱ्यासाठी कानात घालायचे बोळे. मोठीने तिच्या यादीत स्वतःहून अर्धा किलो वाढवून घेतलंय, तिला पुढच्या वेळी स्टोव्ह उचलायचाय आणि पेटवायचाही आहे, त्यावर अजून बोलणी चालू आहेत. तंबू दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळवला आणि यावेळी पिशवीत न कोंबता मोठ्या चादरीत सैल गुंडाळून कपाटात ठेवलाय, माळ्यावर नाही.